वजनाचा इलाज करताना: लाज बाजूला, मोजमाप नीट

गुडघा दुखतो म्हणून गेलं, तर "आधी वजन कमी करा". धाप लागते म्हणून गेलं, तरी तेच. पाळी चुकली, पाठ धरली, छातीत जळजळतं, उत्तर ठरलेलं. दोन-तीनदा असं झालं की माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. मग येतो तो शुगर ३०० झाल्यावर किंवा पायाची जखम चिघळल्यावर. वजनावरून लाजवण्याने मन दुखावतं ते वेगळंच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे इलाज वर्षानुवर्षं लांबतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या माणसाला वजनासाठी डॉक्टरकडे जायचं आहे त्याच्यासाठी हा लेख आहे, आणि तो जिथे जाईल त्या दवाखान्यातल्या डॉक्टर, सिस्टर, कंपाउंडरसाठीसुद्धा. दोघांनी एकमेकांचा भाग वाचला तर बरं.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढावी लागते, ती म्हणजे "खाणं आवरलं असतं तर झालं असतं". भूक आणि चरबीचा साठा मेंदू सांभाळतो. चरबीच्या पेशींतून निघणारं लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडलं आणि हे गणित उलगडायला लागलं. वजन उतरलं की लेप्टिन घटतं, भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि शरीर बसल्या जागी आधीपेक्षा कमी उष्मांक जाळतं. हा बदल वजन उतरल्यावर वर्षभरानंतरही टिकून असतो, हे मोजून पाहिलेलं आहे. वजन वाढण्याचा कल घराण्यातून किती येतो यावर जुळ्यांचे जे अभ्यास झाले, त्यांत तो वाटा साधारण ४० ते ७० टक्के निघतो. म्हणजे वजन परत चढणारा माणूस ढिला असतोच असं नाही. त्याचं शरीर जुन्या वजनाकडे ओढत असतं. बीपीच्या रुग्णाला "मनावर घे, बीपी उतरेल" असं कोणी म्हणत नाही, तोच न्याय इथे लावायचा.

जाण्याआधी घरी: एक कागद, एक पिशवी

कागदावर पाच ओळी पुरतात. वजन कधीपासून वाढायला लागलं आणि तेव्हा काय चालू होतं (बाळंतपण, नाइट ड्युटी, तंबाखू सोडणं, घरात मृत्यू, नवीन गोळी)? आजवरचं सर्वांत जास्त वजन किती? कोणकोणते उपाय केले आणि किती दिवस टिकले? आई, वडील, भावंडांत शुगर, बीपी, हृदयविकार कोणाला? आणि आज तुम्ही नेमके कशासाठी आलात? शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. "गुडघा दुखतो, आणि वजनाबद्दलही बोलायचंय" असं लिहून नेलं की दोन्ही विषय वेगळे राहतात.

पिशवीत घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं टाका, रिकामी असली तरी. हे सांगण्याचं कारण असं की वजन वाढवणारी औषधं बऱ्याच जणांच्या घरातच असतात. शुगरसाठीची ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन आणि इन्सुलिन, मानसिक आजारासाठीची ओलान्झापिन, फिटसाठीची व्हॅल्प्रोएट, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, बीपीची प्रोप्रानोलॉल, आणि स्टेरॉइड. सांधेदुखीवर किंवा दम्यावर "लगेच आराम पडतो" म्हणून महिनोन्‌महिने घेतलेल्या पुड्या आणि इंजेक्शनं हमखास दाखवा. त्यात स्टेरॉइड असेल तर चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय मात्र बारीक राहतात. पण यातली एकही गोळी मनाने बंद करू नका. फिटची गोळी एकाएकी तोडली तर फिट येते. खूप दिवसांचं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर जीवावर बेततं. डॉक्टरला विचारायचं ते इतकंच: "यातल्या कशाने वजन वाढतंय का, आणि बदली औषध आहे का?"

मोजमाप: इथेच निम्मं बिघडतं

काटा कुठे ठेवलाय ते आधी बघा. बऱ्याच दवाखान्यांत तो बाकड्यांसमोर असतो, वजन कंपाउंडर मोठ्याने वाचतो आणि रांगेतल्या दहा जणांना ते कळतं. काटा तपासणीच्या खोलीत किंवा पडद्याआड न्या, कडक फरशीवर ठेवा (सतरंजीवर आकडा चुकतो) आणि आकडा बोलून न दाखवता कागदावर लिहा. काट्याची कमाल क्षमता त्याच्यावर छापलेली असते. ती १२० किलो असेल आणि माणूस १३० चा, तर भर दवाखान्यात काटा "एरर" दाखवतो. असा माणूस परत येत नाही. २०० किलोचा काटा फार महाग नसतो. ज्याला आकडा बघायचाच नाही, त्याने काट्याकडे पाठ करून उभं राहावं, हा त्याचा हक्क आहे.

उंची चप्पल काढून, टाचा भिंतीला लावून घ्यायची. वजन भागिले उंचीचा (मीटरमध्ये) वर्ग म्हणजे बीएमआय. १५८ सेंमी उंची आणि ७४ किलो वजन असेल तर १.५८ × १.५८ = २.४९६, आणि ७४ ÷ २.४९६ = २९.६. उंची अंदाजाने १५५ लिहिली तर हाच आकडा ३०.८ होतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य तक्त्यातले २५ आणि ३० आपल्याला लागू नाहीत, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाची चरबी आणि शुगर लवकर येते.

म्हणून कंबर मोजणं बीएमआयइतकंच गरजेचं. शेवटची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड या दोघांच्या मधोमध, टेप जमिनीला समांतर धरून, श्वास सहज सोडल्यावर. परकराची किंवा सलवारची नाडी सैल करून घ्या, नाहीतर नाडीचा वळ मोजला जातो. पुरुष पँट घालतात ती जागा पोटाखाली असते, तिथली मोजणी ५-७ सेंमी कमी येऊ शकते. स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंमी ही मर्यादा. टेप लावण्याआधी सांगायचं, "कंबर मोजते, चालेल ना?", आणि बाईची कंबर शक्यतो सिस्टरने मोजायची.

आता बीपीचा पट्टा. वजनदार माणसाच्या इलाजात बऱ्याच चुका या एका वस्तूने होतात. दंडाच्या मध्यावर घेर मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २७ ते ३४ सेंमी घेराला, मोठा ३५ ते ४४ ला, त्यापुढे मांडीचा. पट्ट्यातल्या रबरी पिशवीने दंडाचा किमान ८० टक्के घेर झाकला पाहिजे. लहान पट्टा लावला तर बीपी खोटं जास्त दिसतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत, सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा लावल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. म्हणजे १२८ चं १४७ दिसतं, गोळी सुरू होते आणि चक्कर येते. पट्टा फाटकन सुटला तर "तुमचा दंडच एवढा" असं म्हणायचं नाही, पट्टा लहान आहे म्हणून सांगायचं. मोजण्याआधी पाच मिनिटं टेकून बसवा, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर, अर्धा तास चहा आणि तंबाखू नाही, ब्लाउजची बाही वर सरकवून आवळलेली नको. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा.

बाकी सामान थोडक्यात: हात नसलेल्या दोन रुंद खुर्च्या, न डुगडुगणारं तपासणीचं टेबल आणि त्याला पायरी, कमरेत द्यायच्या इंजेक्शनसाठी ३८ मिमीची सुई (लहान सुईने औषध स्नायूऐवजी चरबीत राहतं).

बोलणं कसं सुरू करायचं

डॉक्टरांसाठी नियम एकच आहे: माणूस ज्यासाठी आला ते आधी तपासा, मग वजनाबद्दल परवानगी मागा. "गुडघ्याचं बघितलं. आता वजनाबद्दल बोललो तर चालेल का, की पुढच्या वेळी?" 'पुढच्या वेळी' असं उत्तर आलं तर ते मान्य करायचं. 'जाड', 'ढोल्या', 'आडवा वाढलाय' हे गमतीतही नको. केसपेपरवर 'लठ्ठ रुग्ण' लिहिण्यापेक्षा 'लठ्ठपणा, बीएमआय २९.६' असं लिहा. मधुमेह लिहितो तसंच.

रुग्णासाठी एक वाक्य पाठ करून ठेवण्यासारखं आहे: "डॉक्टरसाहेब, माझं वजन कमी असतं तर या दुखण्यासाठी तुम्ही काय तपासलं असतं? ते तपासाल का?" रागाने म्हणायची गरज नाही, पण म्हणायचं. धाप लागणं म्हणजे ॲनिमिया किंवा हृदयाचा त्रास असू शकतो. गुडघ्यातला पडदा फाटलेला असू शकतो. वजन हे एक कारण असेल, पण दुसरं कारण शोधायला नको असं त्यातून निघत नाही.

उद्दिष्टाबाबत बहुतेक दवाखाने इथेच चुकतात. वरच्या ७४ किलोच्या बाईला तक्त्याप्रमाणे ५७ किलो 'हवं'. "सतरा किलो कमी करा" ऐकून ती घरी जाते ती जातेच. खरं तर वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं की शुगर, बीपी आणि यकृतावरची चरबी सुधारायला लागते. तिच्यासाठी ते ३.७ ते ७.४ किलो. पहिलं उद्दिष्ट म्हणून कागदावर '७०' लिहा, सहा महिन्यांसाठी. आणि वजनाशिवाय एक उद्दिष्ट तिचं तिने ठरवायचं: जिना न थांबता चढणं, मांडी घालून बसता येणं, रात्रीची झोप.

तपासण्या

उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), कोलेस्टेरॉल, एसजीपीटी (यकृत), क्रिएटिनिन (किडनी), टीएसएच (थायरॉइड), हिमोग्लोबिन. बहुतेकांना इतकंच लागतं. थायरॉइड निघाला तर गोळी घ्यायचीच, पण तिने वीस किलो उतरतील असं समजू नका. थायरॉइडमुळे वाढलेलं वजन सहसा थोडंच असतं आणि त्यात पाण्याचा भाग मोठा.

खान्देशात एका गोष्टीची विशेष खबरदारी घ्यावी लागते. सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खोटं कमी येतं आणि शुगर असून नसल्यासारखी दिसते. सिकलसेलचं कार्ड असेल तर दाखवा आणि उपाशीपोटी व जेवणानंतरच्या शुगरवर भर द्या. फक्त वाहक असाल तर लॅबला त्यांची पद्धत अशा हिमोग्लोबिनला चालते का, ते विचारा.

घोरणं विचारायला विसरू नका. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या घरात ते लपत नाही, शेजारचीही साक्ष मिळते! घोरता घोरता श्वास अडकत असेल, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागत असेल, मानेचा घेर ४० सेंमीच्या वर असेल तर झोपेची तपासणी हवी. बाईची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांचा बिघाड) बघायचा. चोरून, एकट्याने, पोट दुखेपर्यंत खाणं आणि नंतर स्वतःची किळस येणं हाही आजार आहे आणि त्याला इलाज आहे. तो डॉक्टरला सांगता येत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

पैशांची अडचण असेल तर सुरुवात गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून (सरकारी आरोग्य केंद्रातून) करा. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका मोजणारा) आशाताई भरतात, त्यात कंबरेचाही रकाना असतो आणि गुण ४ च्या वर गेले की तपासणीला आधी बोलावतात. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी एनसीडी क्लिनिक (शुगर, बीपीसारख्या असंसर्गजन्य आजारांचा दवाखाना) आणि जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

ताट

इथे पुण्या-मुंबईचा ओट्स-ब्रोकोलीचा कागद कामाचा नाही. ज्वारीची भाकरी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, मटकी, हरभरा, वांगी, मेथी, हे मुळात चांगलं जेवण आहे. कळण्यात उडीद असल्यामुळे प्रथिनंही थोडी वाढतात. वाढतं ते तेल, शेव आणि शेंगदाण्याच्या कुटातून. मोठा चमचाभर (१५ मिली) तेल म्हणजे १२० च्या आसपास उष्मांक. शेवभाजीच्या एका वाटीवर ५० ग्रॅम शेव पडली तर फक्त शेवेचे २७० च्या पुढे, तर्री वेगळी. ८० ग्रॅम पिठाची भाकरी तेवढ्याच उष्मांकांची असते. म्हणून भाकरी तोडून शेवभाजी चालू ठेवणं हा उलटा हिशेब आहे. वांग्याच्या भरितात वांगं निर्दोष, गडबड फोडणीची. आठवड्याचं तेल घरात किती संपतं ते बाटलीवर खूण करून पाहा आणि माणशी रोज ३ छोट्या चमच्यांपर्यंत (१५ मिली) हळूहळू आणा. एकदम नको, नाहीतर घरातले बंड करतात.

प्रथिनं रोज ६० ग्रॅमच्या आसपास: घट्ट वरणाची वाटी (३० ग्रॅम कच्ची डाळ) ६-७ ग्रॅम, तेवढ्याच मटकीची उसळ ७, दोन अंडी १२, ग्लासभर दूध ८, ५० ग्रॅम सोयावडी २५. पाणीदार वरणात हातभर पाणी आणि डाळ नावाला असते, त्यावर भरोसा नको. केळं बंद करायची गरज नाही. एक मध्यम केळं १०० उष्मांकांच्या आसपास. केळीच्या वेफर्सची गोष्ट वेगळी.

कानबाईचे रोट, वरण-बट्टी, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) पुरणपोळी यांना 'बंद' म्हणणारा तक्ता पहिल्याच सणाला फाटतो. त्या दिवशी खा, दुसऱ्या दिवशी नेहमीचं जेवण. उपास करून भरपाई करू नका, त्याने संध्याकाळी खाणं सुटतं.

आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला उंबऱ्यातच "कितली जाडी व्हई गई वं माय!" म्हणायची पद्धत मात्र सोडायला हवी. घरच्यांची खरी मदत हवी असेल तर ती अशी: एकट्यासाठी वेगळी भाजी शिजवू नका, सगळ्यांची भाजी कमी तेलात करा.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो, तेव्हा पहाटे साडेपाचला निघा किंवा घरातच प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं. गुडघे धरले असतील तर खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा, १० वेळा, दिवसातून तीनदा. नुसत्या चालण्याने वजन फार उतरत नाही हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. उतरलेलं टिकवायला मात्र ते लागतंच.

औषधं आणि शस्त्रक्रिया

तीन-सहा महिने वरचं सगळं करूनही आकडा अडला तर औषध मागणं म्हणजे हार नव्हे. टिर्झेपटाइड (मौंजारो) मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) जून २०२५ मध्ये भारतात आलं. दोन्ही इंजेक्शनं, आठवड्यातून एकदा पोटाच्या त्वचेखाली. टिर्झेपटाइड २.५ मिग्रॅने सुरू होऊन चार आठवड्यांनी ५, पुढे गरजेप्रमाणे वाढतं, सेमाग्लुटाइड ०.२५ ने सुरू होतं. चाचण्यांत सेमाग्लुटाइड २.४ मिग्रॅने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या जवळ, तर टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. बंद केल्यावर वर्षभरात सेमाग्लुटाइडवाल्यांचं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे हा बीपीच्या गोळीसारखा लांबचा खर्च आहे, तो आधी मोजा.

काय बिघडतं: मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, विशेषतः डोस वाढवल्यावर. उन्हाळ्यात उलट्या आणि ऊन एकत्र आले की किडनीवर ताण येतो, म्हणून आमच्या मते डोस वाढवायला एप्रिल-मे टाळलेले बरे. पोटातली कळ पाठीत जाऊन थांबेना तर इंजेक्शन बंद करून थेट हॉस्पिटल, स्वादुपिंडाला सूज असू शकते. सोबत ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्याचा डोस डॉक्टरने कमी करायला हवा, नाहीतर शुगर एकदम पडते. गरोदरपणात हे चालत नाही. सेमाग्लुटाइड दिवस राहण्याच्या दोन महिने आधी थांबवतात. टिर्झेपटाइडने गर्भनिरोधक गोळीचा असर घटतो, सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे निरोध वापरा. घराण्यात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडचा एक दुर्मिळ कॅन्सर) असेल तर हे इंजेक्शन नाही. भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगा.

इंजेक्शनचं पेन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नाही. गोठलेलं पेन टाकून द्यायचं. जळगावहून चोपड्याला नेताना बर्फाची पिशवी आणि पेन यांच्यामध्ये टॉवेल ठेवा. गाडीच्या डिकीत दुपारी तासभर राहिलेलं पेन वापरू नका.

ऑर्लिस्टॅट ही जुनी गोळी, १२० मिग्रॅ, तीन जेवणांबरोबर. तेलकट जेवलं की तेलकट जुलाब, कपडे खराब होतात. हे आधी सांगितलं नाही तर माणूस लाजून गोळीही सोडतो आणि दवाखानाही.

'महिन्यात १० किलो' म्हणणारी पावडर, चहा, काढा यांपासून लांब राहा. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

शस्त्रक्रियेचा विचार आशियाई लोकांत शुगर-बीपीसारखा आजार असेल तर बीएमआय २७.५ पासून होऊ शकतो. विम्याचा निकष मात्र वेगळा आणि कडक: वय १८ च्या वर आणि बीएमआय ४०, किंवा ३५ सोबत गंभीर आजार, आणि आधीचे उपाय फसल्याची कागदपत्रं. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक चिठ्ठी फाइलला लावत जा.

फेऱ्या

पहिले तीन महिने दर चार आठवड्यांनी, मग दोन-तीन महिन्यांनी. दर फेरीत वजनाआधी झोप, भूक, गोळ्यांचा त्रास, दम हे विचारायचं, काटा शेवटी. सहाव्या-आठव्या महिन्यात वजन अडतं ते बहुतेकांचं अडतं. शरीर कमी जाळायला लागलेलं असतं. तिथे ताटातलं आणखी तोडण्याआधी प्रथिनं, चालणं आणि औषधाचा डोस बघावा.

वजन परत चढलं तर लोक फेरी चुकवतात, "काय तोंड दाखवू" म्हणून. त्यासाठी दवाखान्याने पहिल्याच फेरीत चिठ्ठीच्या मागे लिहून द्यावं: 'वजन वाढलं तर लवकर या, ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.' चुकलेल्या फेरीनंतर दोन आठवड्यांत फोन, आणि फोनवर वजन विचारायचं नाही, फक्त येण्याचा दिवस विचारायचा.